शिनोळीपर्यंत फुल, पुढं हाफ

नंदगडच्या स्टँडवर कंडक्टरनं माझं आधार बघितलं,
झिरोचं तिकीट काढून दिलं.
द्रुपदीचं बघितलं, उलटं करून बघितलं.
"इदु महाराष्ट्रद्दु," म्हणाला. "अठ्ठेचाळीस."

एका आईच्या आम्ही,
एकाच विहिरीत, एकाच भोपळ्यावर पोहायला शिकलेल्या.
तिला पाटणे फाट्याकडं दिली, मला इटगीला.
पंचवीस वर्षांत हा फरक
असा सुट्या पैशात कुणी मोजून दाखवला नव्हता.

दोघींत मिळून तीनशे चाळीस.
तिला काजूच्या फॅक्टरीची सुट्टी,
माझ्या पिशवीत भाकऱ्या, शेंगांची चटणी,
आणि बेळगाव बघायचं.
तसं बघितलेलं होतं की:
सिव्हिलचा तिसरा मजला,
रक्त तपासायची खिडकी,
औषधाच्या दुकानांची ओळ.
ते सोडून उरलेलं बघायचं.

उतरलो तर सिटी बस उभीच.
द्रुपदी म्हणाली, "मी चालत येतो.
तू बस जा तुझ्या झिरोत."
मग मीही चाललो.

किल्ला जवळच. खंदकातलं पाणी हिरवंगार,
त्यात एक म्हैस,
तिला कुणी आधार विचारत नव्हतं.
कमळ बस्तीत चपला काढून मान वर केली:
छताला उलटं लोंबणारं दगडाचं कमळ.
"पडत नाही काय गे हे?"
"एवढी वर्षं नाही पडलं,
आज तू आलीस म्हणून पडंल होय?"
मान अवघडेपर्यंत बघितलं.
तिकीट नव्हतं, म्हणून घाईही नव्हती.

पाट्या बहुतेक कन्नडात. तिला येत नाही.
मला पोराच्या अभ्यासातनं थोडं थोडं येतंय.
वाचून दाखवत चाललो:
ही शाळा, हे लष्कराचं, आत जायचं नाही,
आणि एके ठिकाणी अक्षरं अडली तिथं
"राणीचं न्हाणीघर" म्हणून ठोकून दिलं.
परत येताना नीट लावून वाचलं,
पाणीपट्टी भरायचं ऑफिस.
सांगितलं नाही तिला.
ती त्याच्या पायरीला हात लावून आली होती.

खडेबाजारात पंख्याखाली बसून
सतरा इरकली उघडायला लावल्या.
घड्या घालून पोरगं दमलं,
शेवटी द्रुपदीनंच चार घालून दिल्या
आणि "काठ जरा बारीक वाटतोय" म्हणत उठली.
कुंदा मात्र घेतला. पाव किलो, शंभर रुपये.
त्याआधी चाखायला घेतला कागदावर,
मग ती डोक्यावर पदर ओढून
दुसरीच बाई होऊन परत गेली.
दुकानदार हसला. पण दिला.

भाकरी सोडली दुसऱ्या रेल्वे गेटजवळ.
गेट पडलेलं, मोटारवाले घड्याळ बघत होते,
आम्हांला समोर आख्खी मालगाडी.
डबे मोजले. माझे अठ्ठावन्न, तिचे एकोणसाठ.
"इंजिन धरलीस तू."
"इंजिन कशाला धरू? तुझाच एक चुकला,
चटणी घेताना खाली बघितलीस."
त्यावर चहा होईपर्यंत भांडलो.
दुसऱ्याही एका वादाचं या गावात बोलतात,
त्यात आम्हांला कुणी विचारलेलं नाही.

पाच वाजता तिची लाल एसटी लागली.
कंडक्टर म्हणाला, "शिनोळीपर्यंत फुल, पुढं हाफ."
मुठीतली चिल्लर तिनं दोनदा मोजली.
मी कुंदा वाटून घेतला होता,
तिच्या डब्यात चमचाभर जास्त गेला,
तिनं बघून न बघितल्यासारखं केलं.
खिडकीतनं हात काढला:
"तुझं ते सकाळचं झिरो दे की."
"कशाला?"
"सासूला दाखवतो.
बेळगाव कितीला पडलं विचारंल ती."

दिलं. घामानं मऊ झालेलं,
तिनं ते डब्याच्या झाकणात ठेवलं.
गाडी हलली, वळणावर गेली,
मी पदर सावरून माझ्या गाडीकडं वळलो,
आणि मागनं, सगळ्या हॉर्नच्या वरनं,
ओरडली,
"एकोणसाठ!"